खडकीत बोलायचे, दौंडला ऐकायचे

गेल्या वर्षी श्रावणात मी अण्णांच्या वह्या स्कॅन करायला घेतल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. दौंडच्या बिनतारी केंद्रात त्यांनी एकोणीस वर्षे काढली आणि आम्हा भावंडांचे सगळे बालपण त्या रेल्वेच्या गावात गेले. वह्या सोळा. त्यांत किराण्याचा हिशेब आहे, गाड्यांच्या वेळा आहेत, आजीच्या औषधांची नावे आहेत, आणि मधूनच एखादी ओळ अशी: ‘पहाटे दोन ते चार खरखर फार. एरियल तपासली. ठीक. रिसीव्हर बदलला. ठीक नाही.’ घरच्या वहीत कामाच्या नोंदी का, हे मला लहानपणी कळत नसे. आता वाटते, ड्युटी संपली तरी ती खरखर त्यांच्या डोक्यातून जात नसावी.

दिवसभर पाने स्कॅन करायची आणि रात्री जेवण झाले की त्या दिवसाच्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवायच्या, असा माझा क्रम ठरला. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या डेस्कटॉपचे वायफाय दगा देऊ लागले. दिवसा उत्तम चाले. रात्री नऊच्या सुमारास खूण पिवळी होई आणि नेट बंद पडे. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, राउटर बंद करून सुरू केला, पासवर्ड विसरायला लावून पुन्हा घातला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. एका अभ्यासमंडळासाठी घेतलेले माझे ऑनलाइन व्याख्यान लागोपाठ दोन आठवडे मध्येच तुटले. दुसऱ्या वेळी तर तुटल्याचे मला दहा मिनिटांनी कळले, तोवर मी भिंतीशी बोलत होतो.

कंपनीकडून एक मुलगा आला. विशीतला, पाठीला सॅक, हातात वायर तपासायचे यंत्र. तो दुपारी आला, तेव्हा अर्थातच सगळे ठीक चालत होते. त्याने राउटर पाहिला, माझा मोबाइल पाहिला आणि विचारले, “काका, रात्री नेट जातं तेव्हा मोबाइलवर चालू असतं का?” मी म्हटले, असते. “मग लाइन आणि राउटर बरोबर आहेत. तुमच्या मशीनच्या मागे काय काय लावलंय ते एकदा काढून बघा.” त्याने सही घेतली आणि तो गेला. तो तिसऱ्यांदा येऊन हेच सांगून गेल्यावर मी कंपनीला एक पत्र लिहिले. मजकूर माझ्याकडे आहे. ‘आपला कर्मचारी कोणतेही काम न करता सह्या घेऊन जातो’ असे वाक्य त्यात आहे. चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाचे ते वाक्य आहे, हे पुढच्या मजकुरासाठी लक्षात असू द्यावे.

पत्र पाठवून झाल्यावरही नेट जातच होते. दुसरे काही करता येत नाही म्हणून इतिहासाचा माणूस जे करतो तेच मी केले: ही भानगड मुळात सुरू कुठे झाली ते वाचायला बसलो.

ती सुरू झाली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावच्या एका व्याख्यानगृहात. 1888 साली हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी भिंतीवर आदळून परत येतात हे तिथे दाखवले. पाठ्यपुस्तकात एवढेच असते. पण हर्ट्झचा मूळ निबंध वाचताना लक्षात येते की, त्याची निम्मी कटकट लहरींशी नव्हती, खोलीशी होती. व्याख्यानगृह 15 मीटर लांब, 14 मीटर रुंद आणि 6 मीटर उंच. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा. हे खांब सुटेसुटे असले तरी लहरींच्या दृष्टीने ती जवळजवळ सलग भिंतच आहे, हे त्याने ओळखले आणि खांबांपलीकडची जागा हिशेबातून सरळ वगळली. वापरण्याजोगी रुंदी उरली साडेआठ मीटर. मग त्याने छताला लोंबणारे गॅसचे नळ आणि झुंबरे उतरवायला लावली. लाकडी बाके आणि टेबले हलवता येईनात म्हणून राहू दिली. समोरच्या भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला, तेव्हा कुठे प्रयोग उभा राहिला.

हे वाचून मी टेबलाखाली वाकून पाहिले. माझा डेस्कटॉप म्हणजे पत्र्याची पेटी. वायफायचा अंगठ्याएवढा रिसीव्हर त्या पेटीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसलेला. राउटर बाहेरच्या खोलीत, पेटीच्या बरोबर समोरच्या दिशेला. म्हणजे हर्ट्झने जो पत्रा लहरी अडवायला मुद्दाम ठोकला, तो मी अजाणता मध्ये उभा केला होता. लॅपटॉपवाल्यांना हा त्रास नसतो. त्यांच्या पडद्याच्या कडेतच एरियल असते. पेटी आडवी फिरवली. सिग्नलची एक रेघ वाढली. रात्री नऊला नेट गेलेच.

आता दौंड. मराठी वाचकांना दौंड म्हटले की जंक्शन आठवते. तिथे एकेकाळी साम्राज्याचा कान होता हे फारसे कुणाला ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडला आपल्या वसाहतींशी बिनतारी तारायंत्राने बोलायचे होते. मार्कोनीच्या कंपनीने त्यासाठी लघुलहरींची ‘बीम’ पद्धत उभी केली: सगळीकडे उधळण्याऐवजी एरियलच्या जाळ्याने लहरी एकाच दिशेला झोतासारख्या सोडायच्या. हिंदुस्थानची बीम सेवा 1927 साली सुरू झाली. (त्याच वर्षी 23 जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते सर्वांच्या लक्षात राहिले, कारण त्यावर गाणी लागत.) या बीम सेवेचे प्रक्षेपण केंद्र होते पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र होते दौंडला. दोहोंत पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपासचे अंतर. इंग्लंडच्या टोकालाही हेच: हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियासाठी प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळून आणि ग्रहण स्केग्नेसजवळ. 1947 साली ही सेवा कंपनीकडून सरकारकडे आली आणि पुढे काही वर्षांनी अण्णा तिथे लागले.

एवढे अंतर कशासाठी, हा प्रश्न मी शाळेत असताना अण्णांना विचारला होता. ते दाढी करत होते. आरशात बघतच म्हणाले, “खडकीत बोलायचं, दौंडला ऐकायचं. एकाच खोलीत एक जण शंख फुंकतोय आणि दुसरा घड्याळाची टिकटिक ऐकतोय, असं जमेल का?”

त्यांच्या उपमेत अतिशयोक्ती नव्हती, उलट कमीच होते. प्रक्षेपकातून निघणारी शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात आणि हजारो मैलांवरून आलेली लहर रिसीव्हरला मिळते ती वॅटच्या अत्यल्प अंशाने. शेजारी प्रक्षेपक चालू असेल तर रिसीव्हर बिघडत नाही, बहिरा होतो. हे मार्कोनीच्या लोकांना आधीच कळले होते. 1914 साली वेल्समध्ये त्यांनी प्रक्षेपण कार्नार्वनला आणि ग्रहण टोविनला असे तोडून ठेवले होते. बिनतारीच्या इतिहासात अंतर कापणे ही शौर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला वाटते, अंतर राखणे ही तिच्यातली अधिक अवघड गोष्ट आहे आणि ती कुणी सांगत नाही.

कारण सगळेच एका आकाशात बोलत असतात. 1903 च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग हे मार्कोनीची बिनतारी किती निर्धोक आहे यावर भाषण देत होते. कॉर्नवॉलहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. तो येण्याआधी यंत्र कुणा भलत्याच माणसाचे शब्द टिपू लागले: ‘उंदीर, उंदीर, उंदीर’, आणि पाठोपाठ मार्कोनीची टवाळी करणारे कवन. हा उद्योग नेव्हिल मॅस्कलिन या जादूगाराचा होता. फ्लेमिंग संतापले, त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून हुल्लडबाजांना शोधून काढण्याचे आवाहन केले. मॅस्कलिनने उघडपणे उत्तर दिले की, तुमचे यंत्र निर्धोक आहे म्हणता म्हणून तपासून पाहिले. संतापाच्या भरात पत्र लिहिणारे फ्लेमिंग मला या वर्षी फार जवळचे वाटले.

आकाशात सगळ्यांनी एकदम बोलू नये म्हणून राज्यसंस्था मध्ये आल्या. आपल्याकडे 1933 चा बिनतारी तारायंत्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे गुन्हा ठरले. घरचा रेडिओसुद्धा त्यात आला. पोस्टात रांग लावून रेडिओच्या लायसन्सच्या पुस्तकावर तिकीट चिकटवून आणणारी माणसे आमच्या पिढीने पाहिली आहेत. अण्णांच्या वहीत दरवर्षी त्याची नोंद आहे. रात्रभर सरकारसाठी आकाश ऐकणारा माणूस सकाळी स्वतःच्या रेडिओचा परवाना भरत असे, यात त्यांना काही गंमत वाटत नसे.

या आखीव आकाशात एक तुकडा मात्र गावकुसाबाहेर पडला. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन आला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरने त्याच मॅग्नेट्रॉनने अन्न शिजवून दाखवले. अशी यंत्रे लहरी वापरणार, पण त्यांतून कुणी बोलणार नव्हते. त्यांची गळती तेवढी कुठेतरी सामावायची होती. 1947 साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 2450 मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा अशा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांना दिली गेली. नियम असा की, या पट्ट्यात कुणाला संदेश धाडायचाच असेल तर त्याने या यंत्रांचा उपद्रव निमूट सोसावा. (2450 ही पाण्याच्या रेणूची खास कंपनसंख्या आहे म्हणून निवडली, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. ती चूक आहे. पाणी इतर कंपनसंख्यांनाही तापते.)

अडतीस वर्षांनी, 9 मे 1985 रोजी, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने या आणि आणखी दोन टाकाऊ पट्ट्यांत विनापरवाना बोलायला मुभा दिली. यामागे मायकेल मार्कस या अभियंत्याची चिकाटी होती. अट अशी की, संदेश एका बिंदूवर न दाबता पट्टाभर पसरून पाठवायचा, शक्ती एक वॅटच्या वर न्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या उपद्रवाबद्दल तक्रार करायची नाही. हा शेवटचा भाग मी दोनदा वाचला. तक्रार करायची नाही! ज्या पट्ट्यावर माझे घरचे नेट चालते त्याच्या जन्मपत्रिकेतच हे लिहिलेले आहे.

या मुभेचा फायदा पहिल्यांदा कुणी घेतला तर दुकानातल्या गल्ल्यांनी. एनसीआर ही कॅश रजिस्टर बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की, गल्ल्याच्या तारा पुन्हा ओढाव्या लागत. त्या नकोत म्हणून तिच्या नेदरलँड्समधल्या उट्रेख्त परिसरातल्या शाखेत बिनतारी जोडणीचे काम सुरू झाले. तिथल्या व्हिक हेज यांनी 1990 पासून सर्व कंपन्यांसाठी समान मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले. 1997 ला पहिले मानक आले, सेकंदाला दोन मेगाबिटचे. 1999 ला अकरा मेगाबिटचे, आणि त्याच वर्षी एका जाहिरात सल्लागार कंपनीकडून ‘वायफाय’ हे नाव विकत घेतले गेले. त्याचा पूर्ण अर्थ काही नाही. हाय-फायशी यमक जुळले, झाले. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासह परवानामुक्त झाला तो जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने. 1933 च्या कायद्यातून अशी एक खिडकी उघडली गेली, आणि आज आमच्या इमारतीत माझा कॉम्प्युटर अकरा राउटर मोजून दाखवतो.

या पट्ट्यात वाहिन्या तेरा दिसल्या तरी त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. लगतच्या दोन वाहिन्यांत अंतर पाच मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकीची रुंदी वीसच्या पुढे. त्यामुळे एकमेकींना धक्का न लावणाऱ्या तीनच: पहिली, सहावी, अकरावी. आमच्या इमारतीत सात जण सहावीवर बसले होते, मीही. मी पहिलीवर गेलो. थोडा फरक पडला. रात्री नऊला नेट गेले.

इथे वाचनात एक गोष्ट आली आणि माझे पत्र मला पहिल्यांदा टोचले. ऑस्ट्रेलियात पार्क्सला 1961 पासून एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांना 1998 पासून अधूनमधून एक विचित्र, क्षणिक स्पंद दिसे. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या स्पंदासारखाच, पण दुर्बिणीच्या सगळ्या दिशांना एकदम दिसणारा, म्हणजे पृथ्वीवरचाच. त्याला त्यांनी ‘पेरिटॉन’ असे एका काल्पनिक प्राण्याचे नाव दिले. वीज, हवामान, अनेक तर्क झाले. केंद्रात नवे उपद्रवमापक यंत्र बसले आणि जानेवारी 2015 मध्ये तीन पेरिटॉनच्या वेळी 2.4 गिगाहर्ट्झलाही गडबड दिसली. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा उत्तर निघाले ते केंद्रातल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे. ओव्हन थांबायच्या आत कुणी उतावीळपणे दार उघडले की, बंद होत असलेला मॅग्नेट्रॉन तो स्पंद सोडी. सतरा वर्षे ज्याला आकाशात शोधले ते जेवणाच्या सुटीत होते. गंमत अशी की, वायफायला वेग देणारे एक महत्त्वाचे पेटंट ज्या सीएसआयआरओ संस्थेच्या जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांचे, तिचीच ही दुर्बीण. भिंतीवरून परावर्तित होऊन मागेपुढे पोचणाऱ्या लहरींचा गोंधळ कसा सोडवायचा, हे त्या पेटंटचे मर्म. हर्ट्झने झुंबरे उतरवून जे साधले ते यांनी गणिताने साधले.

त्यांना उत्तर सापडले ते वेळ टिपल्यामुळे. मी अण्णांच्या वहीतले शेवटचे कोरे पान काढले, म्हणजे त्याची झेरॉक्स काढली, आणि त्यांच्यासारखे रकाने आखले. वेळ, काय बिघडले, त्या वेळी घरात काय चालू होते. ओव्हन, मिक्सर, बायकोचा ब्लूटूथ स्पीकर, शेजाऱ्यांचा टीव्ही. आठ दिवसांत आकडे बोलू लागले. ओव्हन चालू असताना नेट दोनदा गेले, तीनदा गेले नाही. स्पीकरचा संबंध नाही. आठही रात्री एकच नोंद समान होती: ‘हार्डडिस्क जोडली.’

डेस्कटॉपच्या मागे दोन निळी खाचे आहेत, एकावर एक. एकात वायफायचा रिसीव्हर आणि दुसऱ्यात रात्री मी जोडत असलेली हार्डडिस्क. निळा रंग म्हणजे यूएसबी 3.0, 2008 साली आलेले वेगवान मानक. तारेतून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाच्या उघडझापीतून लहरींची गळती होते आणि तिचा बराच भाग नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. हे रहस्यही नव्हते. इंटेल कंपनीने 2012 च्या एप्रिलमध्ये यावर रीतसर शोधनिबंध प्रसिद्ध केला आहे. खाच आणि डिस्कच्या जवळ गोंगाट वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभर पट, वाढू शकतो, असे त्यातले मोजमाप आहे. बाहेरच्या खोलीतून भिंत ओलांडून माझ्या रिसीव्हरपर्यंत पोचणारी लहर असते एका वॅटच्या अब्जाव्या भागाएवढी, कधी त्याहून कमी. तिच्या कानाशी, बोटभर अंतरावर, मी रोज रात्री शंख फुंकत होतो. तोही अण्णांच्या वह्या जपून ठेवण्यासाठी.

एक मीटरची यूएसबी एक्सटेन्शन वायर आणली. रिसीव्हर तिच्या टोकाला लावून पेटीपासून दूर, खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधला. हार्डडिस्क जोडली. नऊ वाजले, दहा वाजले, नेट चालू होते. एवढेसे खडकी आणि दौंड माझ्या टेबलाच्या दोन टोकांना झाले.

कंपनीला दुसरे पत्र लिहिले, पहिले मागे घेतो म्हणून. उत्तर आले नाही, म्हणून कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितले की, तो मुलगा महिन्यापूर्वी सोडून गेला. माझ्या पत्रामुळे का, असे विचारले, त्या म्हणाल्या, “तक्रारी असतात हो सगळ्यांच्याच, पगारातून कापतात थोडे.” किती, ते त्यांनी सांगितले नाही. पावतीच्या मागे त्याने पहिल्या भेटीत स्वतःचा नंबर लिहून दिला होता, ‘रात्री गेलं तर लगेच फोन करा, तेव्हाच बघू’ म्हणून. तो मी तोवर लावलाच नव्हता.

लावला. मागे कारखान्याचा आवाज होता. नाव सांगितल्यावर त्याला मी आठवायला थोडा वेळ लागला. पत्र त्याला लगेच आठवले. मी वायर, हार्डडिस्क, रबरबँड, सगळे सांगितले आणि माफी मागितली. कापलेले पैसे मी देतो म्हटले तर म्हणाला, “राहू द्या काका.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “दोन्ही निळ्यातच लावलं होतं?”

“हो.”

“खाली काळे दोन होते की मोकळे,” तो म्हणाला. “मी तेव्हा वाकून बघणार होतो. तुम्ही म्हणालात, मशीनला हात लावायचा नाही.”